फोन कुणी केला?

रात्रीचे पावणेअकरा. गल्लीच्या तोंडाशी बीट मार्शलची मोटारसायकल थांबते. मागे बसलेला शिपाई उतरतो, हातातल्या मोबाईलकडे बघतो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, “११२ ला फोन कुणी केला?” चार घरांतले टीव्ही एकदम बारीक होतात. दार कुणी उघडत नाही. नळाला हंडा लावून बसलेल्या आजी म्हणतात, “इथनं नाय केला बाबा कुणी.” शिपाई काही वाईट माणूस नाही. दिवसभराचा दमलेला आहे, कॉलचा निकाल लावून वर कळवायचं आणि पुढच्या कॉलला पळायचं एवढंच त्याच्या डोक्यात आहे. तो आलेल्या नंबरवर रिंग देतो. गल्लीच्या मध्यावर, निळ्या पत्र्याच्या घरात फोन वाजतो. दोनदा वाजतो आणि कापला जातो.

त्या घरातल्या वहिनींनी दुसऱ्याच दिवशी सिमकार्ड बदललं. हे मला त्यांनीच सांगितलं, पण सात-आठ महिन्यांनी, कोर्ट नाक्यावर माझ्या टेबलाशी बसून.

मी ठाणे कोर्टात वकिली करते. बरीचशी कामं घरमालक-भाडेकरू आणि पोटगीची, फौजदारी त्या मानाने कमी. या वस्तीशी संबंध आला तो पाणीबिलाच्या भांडणातून. पुढे ‘वकीलताई’ म्हणून जे येईल ते येत राहिलं. हे प्रकरण साधारण दोन-अडीच वर्षं चाललं, अजून पुरतं संपलेलं नाही. माणसांची नावं देत नाही आणि हद्द कुठल्या पोलीस ठाण्याची तेही मुद्दाम सांगत नाही. येऊरच्या डोंगराच्या अंगाला अशा वस्त्या काही कमी नाहीत. घटना १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या आधीच्या आहेत, म्हणून कलमं जुनीच लिहिते. आणि हो, मी तटस्थ नाही. वस्तीच्या बाजूने होते. तरी काही ठिकाणी वस्तीला न आवडणारं लिहावं लागणार आहे.

वस्ती आणि ‘तो’

चढावर एकमेकांना टेकून उभी असलेली दीडएकशे घरं. वागळे इस्टेटचे कारखाने भरात होते तेव्हा सातारा-सांगलीकडून, कोकणातून, मराठवाड्यातून आलेली माणसं. कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. बाप जिथे लेथवर उभा राहायचा त्याच आवारात आता मुलगा सिक्युरिटीला किंवा हाउसकीपिंगला आहे. उरलेले बहुतेक रिक्षावाले. गल्ली इतकी चिंचोळी की रिक्षा आत येत नाही, म्हणून रात्री सगळ्या गाड्या खाली रस्त्याच्या कडेला ओळीने लागतात. पुढचं सगळं त्या ओळीपासून सुरू झालं.

त्याला वस्तीत टोपणनावाने ओळखतात, मी नुसतं ‘तो’ म्हणते. वय २४-२५. इथेच वाढलेला. आई अजून दोन घरी पोळ्या करायला जाते. आधी मंडळाचं वर्गणीचं पुस्तक त्याच्याकडे असायचं. हळूहळू वर्गणी गणपतीपुरती राहिली नाही. वडापावची गाडी, अंडाबुर्जीवाला, किराणा दुकान, प्रत्येकाकडून आठवड्याला दोनशे-तीनशे. याला खंडणी असं कुणी म्हणत नव्हतं. ‘पोरांच्या चहापाण्याला’ म्हणायचे.

त्याची भीती नेमकी कशाची, असं मी बऱ्याच जणांना विचारलं. मारतो का? क्वचित. मग? “तो बघत असतो ना ताई.” कोण कुणाशी बोललं, कुणाच्या दारात कोण उभं होतं, कुणाची पोरगी कितीच्या बसने येते, हे त्याला ठाऊक असायचं. पोलिसांना वस्तीतलं जे कधीच कळत नाही ते त्याला बसल्या जागी कळायचं, कारण त्याचे कान वस्तीतच राहायला होते.

आगळीक

एका रात्री दोन-तीनच्या सुमाराला खाली लावलेल्या ११ गाड्या फुटल्या. ७ रिक्षा, ४ मोटारसायकली. पुढच्या काचा, हूड, एकीचा मीटर. कारण किरकोळ होतं. आदल्या दिवशी एका रिक्षावाल्याने त्याच्या एका पोराला हटकलं होतं. फुटल्या मात्र सगळ्यांच्या. ज्याने काहीच केलं नाही त्याचंही नुकसान झालं की पुढच्या वेळी तोच शेजाऱ्याला म्हणतो, “अरे बाबा, कशाला बोलतोस?” हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

सकाळी शाळेची वर्दी बुडवून सातही रिक्षावाले पोलीस ठाण्यात गेले. तिथे एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कागद हातात दिला गेला. लोकांना ती टाळाटाळ वाटली. ती टाळाटाळ नव्हती, निदान पूर्णपणे नव्हती. भारतीय दंड संहितेत दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करण्याला मराठीत ‘आगळीक’ असा शब्द आहे, आणि पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त नुकसानीची आगळीक, म्हणजे कलम ४२७, अदखलपात्र. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५५ तसं सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी निकालात गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं बजावलं ते दखलपात्र गुन्ह्यांबाबत. काचेचे काही हजार आणि बुडालेला धंदा मिळून रिक्षावाल्याचा महिना कोलमडतो. कायद्याच्या लेखी ती आगळीक.

दखलपात्र व्हायला एक गोष्ट पुरली असती, ती म्हणजे हत्यार. कोयता दिसला की शस्त्र कायद्याचं कलम ४ सह २५ येतं, मनाई आदेश असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७(१) सह १३५ येतं, आणि गाडी रुळावर येते. हवालदारांनी तेच सुचवलं. “कोयता बघितला म्हणा, मग बघू आम्ही.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोयता कुणीच बघितला नव्हता. जागे सगळे होते, पण दाराच्या आत. लोखंड काचेवर पडल्याचा आवाज ऐकला होता, हसणं ऐकलं होतं, आणि त्याचा आवाज तर बालवाडीतली पोरंसुद्धा ओळखतात. निळ्या घरातल्या वहिनी नवऱ्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवाज ओळखला एवढं लिहा की. कोयता बघितला नाही तर बघितला कसं सांगू? उद्या कोर्टात उलटं विचारलं तर?”

मला या सगळ्या प्रकरणात हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. घाबरलेल्या माणसांच्या गर्दीतून एक बाई पुढे आली होती आणि जेवढं खरं तेवढं सांगायला तयार होती. समोरून तिला सांगितलं गेलं की तेवढ्याने भागत नाही, जास्तीचं बोला. लोक पुढे येत नाहीत म्हणून पोलीस कुरकुरतात, ते काही खोटं नाही. पण पुढे आलेल्या माणसाचं अर्धं सत्य ठेवून घ्यायला त्यांच्याकडे रकाना नसतो, हेही तितकंच खरं. अखेर वहिनींना सांगितलं गेलं, “दोन दिवसांनी या, सविस्तर जबाब घेऊ.”

बावीस पोरं

त्या दोन दिवसांत फुटलेल्या काचांचा व्हिडिओ गावभर फिरला. दुसऱ्या रात्री अकराला वस्तीत कोंबिंग झालं, म्हणजे वस्तीला वेढा घालून धरपकड. दोन मोठ्या गाड्या, तीसेक पोलीस. वरच्या अंगाची वाट अडवली, खालची अडवली, आणि पंधरा ते पंचवीसच्या दरम्यानची दिसतील ती २२ पोरं नेली. ‘तो’ त्यांत नव्हता. संध्याकाळीच सटकला होता.

पोरांना मारलं नाही, हे सांगायला हवं. फरशीवर रांगेत बसवलं, फोन उघडून बघितले, फोटो काढले, पहाटे पाचला सोडलं. अटक नाही, नोटीस नाही, स्टेशन डायरीत ‘विचारपूस करून सोडले’ एवढी ओळ. डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: पंचनामा करा, नातेवाइकांना कळवा, वैद्यकीय तपासणी करा. पण ज्याला अटक म्हटलंच नाही त्याला कुठला नियम लावणार? बावीसजणांतला एक मुलगा १४ वर्षांचा होता. प्रक्रिया संहितेच्या कलम १६० प्रमाणे १५ वर्षांखालच्या मुलाला जबाबासाठी त्याच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. हा सहा तास फरशीवर बसला आणि सकाळी शाळेत गेला नाही. त्यानंतरचा आठवडाभरही गेला नाही.

त्याच्या वडिलांना मी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाबद्दल सांगितलं. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे आदेश दिले, महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, त्यातून हे प्राधिकरण आलं, अर्ज साधा असतो, मी लिहून देते, वगैरे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, मला रात्री बारानंतर त्याच नाक्यावरून गाडी काढायची असते.”

वहिनींचा भाचा त्या बावीसांत होता. त्या जबाब द्यायला गेल्याच नाहीत.

चार दिवसांनी ‘तो’ परत आला. त्याला कुणाला दमात घ्यायची गरजच पडली नाही. ज्या पोरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता तीही आता त्याच्या कट्ट्यावर बसून त्या रात्रीच्या गोष्टी सांगत होती. पोलीस आले की दादाची भीती कमी होईल, असं वस्तीबाहेर राहणाऱ्यांना वाटतं. इथे पोलिसांच्या एका रात्रीने त्याला बावीस श्रोते मिळवून दिले, आणि पोलिसांनी जो एकमेव साक्षीदार हाताशी होता तो घालवला.

साक्षीदार ‘अ’

मग तडीपारी आली. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम ५६. एखाद्या माणसाच्या वावराने लोकांत भय पसरत असेल, किंवा तो मारझोडीचे गुन्हे करत असेल आणि जिवाच्या-मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नसतील, तर त्याला हद्दीबाहेर घालवता येतं. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आयुक्तालयात हा आदेश पोलीस उपायुक्त काढतात. हे कलम वाचताना मला नेहमी वाटतं, आपली हतबलता सरकारने इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच कुठे लिहून ठेवली असेल. साक्षीदार घाबरतात, आम्ही त्यांची भीती घालवू शकत नाही, म्हणून माणूसच हलवतो.

यात गोपनीय जबाब घेतात. साक्षीदाराचं नाव नसतं, ‘अ’ आणि ‘ब’ असतं. ज्याला तडीपार करायचं त्याला कलम ५९ प्रमाणे नोटीस देऊन आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप तेवढं कळवायचं असतं, म्हणजे जबाब कुणी दिला ते उघड होऊ नये. योजना चांगली आहे. ती ज्याने लिहिली तो बहुधा चाळीत राहिलेला नसावा.

नोटिशीत होतं की साक्षीदार ‘अ’ हा पहाटे दूध आणण्यास जात असता सामनेवाला इसमाने त्यास अडवून खिशातील ३०० रुपये काढून घेतले. नोटीस त्याच्या घरी आली त्या संध्याकाळी वस्तीने हिशेब मांडला. पहाटे दुधाला खाली जाणारी माणसं पाच. त्यांतल्या दोन बायका, ‘खिशातील’ म्हटल्यावर त्या गेल्या. एक आजोबा, त्यांच्याकडे कधी तीनशे रुपये नसतात. राहिले दोघे. त्यातला पेपर टाकणारा पोरगा त्याच्याच कट्ट्यावरचा. मग उरले किराणा दुकानवाले काका.

काकांनी जबाब दिला नव्हता. देवघरापुढे हात ठेवून त्यांनी मला सांगितलं आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मग ‘अ’ कोण? दुसऱ्या गल्लीतला असेल. मी असे बरेच गोपनीय जबाब वाचले आहेत. त्यांची भाषा इतकी ठरीव असते की एकाचा प्रसंग दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जावा. काकांच्या बाबतीत काय झालं ते मला ठाऊक नाही. परिणाम ठाऊक आहे. आठवडाभर त्यांच्या दुकानावर कुणी उधारीसुद्धा मागायला आलं नाही. त्या दुकानाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

आदेश निघाला. ठाणे, मुंबई, मुंबई उपनगर आणि रायगड या जिल्ह्यांतून १८ महिने. वस्तीत कुणी पेढे वाटले नाहीत, पण रात्री गाड्यांच्या ओळीशेजारी माणसं गप्पा मारत बसायला लागली. एक दिवस त्याची आई माझ्या टेबलाशी आली. मी वस्तीच्या बाजूची, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने फक्त एवढंच विचारलं, “नाशकाला तो जेवतो कुठे, हे त्यांनी कागदावर लिहिलंय का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच काळात वस्तीने जे केलं ते इथे आलंच पाहिजे. त्याचा एक साथीदार, सतरा वर्षांचा, रात्री गाड्यांपाशी घुटमळताना सापडला. लोकांनी त्याला विजेच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारलं. पोलीस झटक्यात आले आणि वस्तीतल्या चौघांवर गुन्हा दाखल झाला, दखलपात्र. लोकांना ते अजून पटलेलं नाही. “आमच्या ११ गाड्यांना एनसी आणि चार पट्ट्यांना एफआयआर?” मला पटलं, आणि मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं. नागपूरच्या कस्तुरबा नगरात १३ ऑगस्ट २००४ ला काय झालं ते सांगितलं. वर्षानुवर्षं पोलिसांनी दाद दिली नाही म्हणून वस्तीतल्या बायांनी गुंडाला न्यायालयाच्या आवारात ठार केलं होतं. मी हे सांगितलं ते भीती घालायला. एक-दोघांनी ते कौतुकाने ऐकलं, हे माझ्या लक्षात राहिलंय.

गणपतीत, पाचव्या दिवशी, ‘तो’ गल्लीत आला. आईच्या हातचे मोदक खाऊन मंडपात बसला. हद्दपारीत परत येणं हा कलम १४२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सगळ्यांनी पाहिलं. फोन एकीने केला. मार्शल नऊ मिनिटांत आले, पुढचं वर सांगितलंच आहे. तोवर तो वरच्या वाटेने डोंगरात शिरला होता. दुसऱ्या दिवशी नळावर त्याच्या एका पोराने हंडा भरता भरता वहिनींना म्हटलं, “वहिनी, रिंगटोन छान आहे तुमची.”

धमकीचं एकही अक्षर नाही. या वाक्याला कुठलं कलम लावाल?

आदेश रद्द

तडीपारीविरुद्ध कलम ६० प्रमाणे राज्य शासनाकडे अपील करता येतं, मुदत ३० दिवस. त्याने केलं, आणि काही महिन्यांनी आदेश रद्द झाला. वस्तीतले आठ-दहाजण तणतणत माझ्याकडे आले. पैसे चारले असतील, वशिला असेल. मी आदेश वाचायला मागितला, दोनदा वाचला, आणि त्यांना सांगितलं की हा रद्द व्हायलाच हवा होता.

आधारासाठी दाखवलेले बहुतेक गुन्हे जुने, त्यांतल्या दोनांत तो निर्दोष सुटलेला. चार जिल्ह्यांतून का घालवायचा याचं कारण एका ओळीचंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या एका प्रकरणात २८ जानेवारी २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, देशात कुठेही फिरण्याच्या मूलभूत हक्कावर तो घाला आहे, माणूस स्वतःच्या घरात, घरच्यांत राहू शकत नाही, पोटापाण्याला मुकू शकतो, म्हणून तो जपून आणि ताज्या, ठोस सामग्रीवरच वापरायचा. हा कायदा उद्या संप करणाऱ्या रिक्षावाल्यांवरही वापरता येतो, हे मी त्यांना सांगितलं. आजी म्हणाल्या, “ते बरोबर असंल. पण तो आज रात्री घरी येणार, त्याचं काय ते सांग.”

नळावरचा हवालदार

फरक पडला तो एका बदलीमुळे. बीटवर पन्नाशीचे एक हवालदार आले. त्यांना संत करून मला मांडायचं नाही. वडापाववाल्याकडे त्यांचं बिल कधी झालं नाही. पण त्यांनी तीन गोष्टी केल्या, त्यांतली एकही कुठल्या परिपत्रकात मला सापडली नाही.

पहिली, गल्लीत उभं राहून फोन कुणी केला असं विचारायचं बंद केलं. मार्शलना सांगितलं, फेरी मारा, शिटी वाजवा, निघून या, फोन करणाऱ्याशी मी नंतर बोलतो. दुसरी, पहाटे साडेपाचला पाणी येतं तेव्हा ते अधूनमधून नळावर येऊन उभे राहायला लागले. काम काही नाही. पाण्याचा दाब, मुलांच्या परीक्षा, गावाकडचा पाऊस. पहिला महिना बायका त्यांच्याशी बोलल्या नाहीत. महिनाभर उभं राहिल्यावर त्यांचं उभं राहणं ही बातमी राहिली नाही, मग कोण त्यांच्याशी बोलतंय हीसुद्धा बातमी राहिली नाही. तिसरी गोष्ट मला त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी सांगितली. हवालदार त्यांच्या रिक्षात बसून स्टेशनपर्यंत गेले, मीटरप्रमाणे पैसे दिले आणि उतरताना म्हणाले, “पोराचं चुकलं आमच्याकडून.” कागदावर याची किंमत शून्य. तो मुलगा मात्र त्यानंतर कट्ट्यावर दिसला नाही.

ठाणे जिल्ह्याला ही पद्धत नवी नाही. भिवंडीत १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस वरचेवर एकत्र बसायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादावरून गोळीबार झाला, माणसं गेली, दोन पोलिसांनाही जमावाने मारलं. विश्वास एकदा कमावला की कायमचा राहतो, असं भिवंडीने तरी दाखवलेलं नाही.

आमच्याकडेही शांतता समिती आहे. सणाच्या आधी बैठक होते, चहा-बिस्किटं होतात. तडीपारीच्या आदल्या वर्षी ‘तो’ मंडळाचा प्रतिनिधी म्हणून पहिल्या रांगेत होता आणि स्वागताचं गुलाबाचं फूल त्याच्या हातात होतं. फोटो आहे माझ्याकडे.

जबाब

परत आल्यावर दोन-तीन महिने तो गप्प होता. मग एका संध्याकाळी काकांच्या दुकानावर आला. काकांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं. त्यात शौर्याचा भाग कमी होता. संशयामुळे गिऱ्हाईक तुटलं ते पुरतं परतलंच नव्हतं, गल्ल्यात द्यायला काही नव्हतं. त्याने शर्टाच्या मागून कोयता काढून काउंटरवर हाणला. काच फुटली, काकांचा डावा तळवा फाटला. वहिनी शेंगदाणे घ्यायला उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर.

त्या रात्री त्यांनी हवालदारांना फोन केला. नव्या सिमवरून.

महिलेचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा, असं कलम १६० म्हणतं. ही तरतूद बाईच्या सोयीसाठीच आहे. पण या गल्लीत पोलीस घरी येणं म्हणजे दारावर पाटी लावणं. वहिनींनीच सुचवलं, कळव्याला बहिणीकडे. तिथे साध्या कपड्यांत एक महिला अधिकारी गेल्या. वहिनींनी जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं. कोयता पाहिला. उजव्या हातात. काकांना लागताना पाहिलं. त्याच्या मागे दोघं उभे होते, त्यांचे चेहरे पाहिले नाहीत. “चेहरे पाहिले म्हणा” असं या वेळी कुणी म्हटलं नाही.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली, पुढे जामीनही झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेचा अर्ज मी तयार केला होता. धोका किती ते पाहून जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती संरक्षण ठरवते, अगदी घर बदलून देण्यापर्यंत. वहिनींनी अर्ज वाचला, घडी घातली आणि माझ्या फायलीत परत ठेवला. “घर मी कशाला बदलू? नळजोडणी माझ्या नावावर आहे.”

मागच्या तारखेला त्या आल्या. बरोबर नळावरच्या आजी आणि त्या चौदा वर्षांच्या मुलाची आई. मोठ्या बाकावर तिघी दाटीवाटीने बसल्या. समोरच्या भिंतीला टेकून ‘तो’ मोबाईल बघत उभा होता, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. साडेबाराला कोर्टाचा शिपाई दारात आला आणि त्याने पुकारा केला. वहिनींचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं, संबंध मजल्याला ऐकू जाईल असं. पुकारा तसाच करायचा असतो. वहिनींनी आधी आजींकडे पाहिलं, मग उठून म्हणाल्या, “हो, आहे.”

आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. पुढची तारीख पडली.

जिना उतरताना वहिनींचा फोन वाजला. सिम बदललं होतं, रिंगटोन तीच होती. पाठीमागून तोही त्याच जिन्याने उतरत होता. त्यांनी फोन पिशवीतून सावकाश काढला, वाजू दिला, मग उचलला. “हां, निघालो आता. तांदूळ भिजत घाल.”